कमळजेचा उंबरठा कोठे आहे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गंगा किती आहेत, असे कोणी विचारले तर उत्तर द्यायला बोटे मोजावी लागतील. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात, मढ गावाजवळ उगम पावते. ज्ञानगंगा, विश्वगंगा आणि नळगंगा घाटावरून खाली उतरून पूर्णेला मिळतात. हिमालयातून येणारी गंगा एक असेल, आपल्याकडे चार आहेत! उन्हाळ्यात यांच्या पात्रात बहुतेक ठिकाणी गोटे आणि वाळू तेवढी उरते, तरी त्यांच्या नावातली गंगा कोणी काढून घेतलेली नाही. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांतल्या बहुतेकांनी काशी पाहिली नसेल. पण वाहते पाणी म्हणजे देवी, एवढे ते नक्की जाणून होते.

मग प्रश्न असा पडतो, की या श्रद्धेने नदीचे काय भले झाले? तिच्या काठी आरती होते आणि तिच्याच पात्रात गावाची गटारे सुटतात. वाळूच्या गाड्या भरताना कोणाचा हात थरथरत नाही. या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, आमचा धर्म मुळातच निसर्गपूजक. झाड, नदी, डोंगर, नाग सारे आम्ही पुजले, पर्यावरणाचे धडे आम्हाला कोणी देऊ नयेत. दुसरा पक्ष म्हणतो, या सगळ्या अडाणी समजुती आहेत; निसर्ग वाचेल तो कायद्याने आणि विज्ञानाने, देवीला मध्ये आणू नका. वादविवाद स्पर्धेत दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात. मला मात्र दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. का वाटतात, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. लहान तोंडी मोठा घास वाटला तर गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात पृथ्वीसूक्त आहे. त्रेसष्ट मंत्रांच्या या सूक्तात भूमी ही आई आणि माणूस तिचे लेकरू हे नाते सांगितले आहे. पण मला त्यातली दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यात ऋषी भूमीला म्हणतो, की मी तुला जिथे खणीन तिथे लवकर भरून येवो, माझ्या हातून तुझ्या मर्मावर घाव न पडो. म्हणजे खणायचे आहे, कारण पोट आहे. पण खणताना भान आहे. पुढे मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात देवी सांगते, की शंभर वर्षे पाऊस पडणार नाही तेव्हा मी माझ्या देहातून उगवलेल्या भाजीपाल्याने जगाला पोसीन आणि शाकंभरी हे नाव मिळवीन. देवी इथे आभाळातून दाणे टाकत नाही. तिचे शरीर हेच शेत आहे. सांख्यांनी जिला प्रकृती म्हटले तिलाच शाक्तांनी देवी म्हटले. सृष्टी ही देवीची निर्मिती नव्हे, सृष्टी हेच देवीचे रूप, असा हा विचार आहे. जगातल्या अनेक धर्मांत देव सृष्टीच्या बाहेर, वरती कुठेतरी बसलेला असतो. आपली देवी मात्र पायाखाली आहे.

हे सारे मी महाविद्यालयात आल्यावर वाचले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी माय शेतात मजुरीला जाते, तिला अक्षरओळख नाही, आणि प्रकृती हा शब्द ती तब्येतीसाठी वापरते. पण पुस्तकातला हा विचार मला परका वाटला नाही, कारण तो निराळ्या कपड्यांत घरात वावरतच होता. आमच्याकडे जमिनीला काळी आई म्हणतात. वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी करण्यापूर्वी शेतात सीतादही करतात. मातीतच पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. सीता या शब्दाचा मूळ अर्थ नांगराने पडलेले तास असा आहे, हे मला संस्कृतच्या तासाला कळले. माझ्या मायला तो अर्थ माहीत नाही, पण दहीभात कुठे ठेवायचा ते तिला बरोबर माहीत आहे. नवरात्रात घट बसतो तेव्हा शेतातली माती आणतात, तिच्यात धान्य पेरतात, आणि नऊ दिवस देवीपुढे जे उगवते ते धान्याचे रोप असते. विहिरीवर, डोहावर साती आसरा असतात. लहानपणी आम्हा पोरींना दटावणी असे, "पाण्यात थुकू नोको बाई, तिथं आसरा रायतात." पाण्याच्या स्वच्छतेवर पुढे शाळेत धडा होता, पण त्याच्या आधी आम्हाला आसरांनी शिकवले होते.

आपल्या अभ्यासकांनीही हेच दाखवून दिले आहे. दामोदर कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात पुणे परिसरातल्या रानावनांतील, वाटांच्या तिठ्यांवरील मातृदेवतांचा शोध घेतला. शेंदूर फासलेले हे दगड पुराणांहून जुन्या जीवनाची खूण आहेत, असे त्यांनी मांडले. यांतल्या कितीतरी देवींना नवरा नाही. पुढे कोणातरी मोठ्या देवाशी त्यांचे लग्न लावून दिले गेले. रा. चिं. ढेरे यांच्या १९७८ च्या ‘लज्जागौरी’त रेणुका, यल्लमा या देवींचे नाते थेट भूमीशी आणि वारुळाशी जोडून दाखवले आहे. गोव्यात सातेरी देवी आजही वारुळाच्या रूपात पुजली जाते. रेणुका या नावातच रेणू आहे, म्हणजे मातीचा बारीक कण. आपल्या चिखलीची रेणुका असो, की पैनगंगेच्या खोऱ्यातच असलेल्या माहूरची रेणुका असो, ती नावानेच माती आहे.

आता आपल्या जिल्ह्यातल्या एका देवीकडे वळू, कारण माझा खरा मुद्दा तिच्यापाशी आहे. लोणारचे सरोवर आपण सर्वांनी पाहिले आहे; निदान शाळेच्या सहलीत तरी. उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानत, नंतरच्या एका कालमापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. लोककथा सांगते, की इथे जमिनीखाली लवणासुर राहत होता. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याच्या बिळाचे झाकण उडवले आणि त्याला मारले, त्याच्या रक्ताने पाणी खारट झाले. त्या दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव मंदिर वर लोणार गावात आहे. खाली, अगदी पाण्याच्या काठाशी, कमळजादेवी आहे. दैत्याला मारणारा देव गावात राहायला गेला आणि देवी मात्र पाण्याजवळ राहिली, हे मला फार बोलके वाटते. विवरात इतरही पुष्कळ देवळे आहेत, पण नवरात्रात बायाबापड्या झाडीतून उतरून ओटी भरायला येतात त्या कमळजेपाशी.

कमळजा म्हणजे कमळातून जन्मलेली. गंमत अशी, की या पाण्यात कमळ उगवू शकत नाही. तरीही या पाण्याची देवी कमळजाच. तिच्या मंदिरासमोर सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे सांगतात. सरोवराचे पाणी वाढले की ती आत बुडून जाते. काठावरच्या धारेसारख्या झऱ्यांचे पाणी गोडे आणि ते जिथे जाऊन मिळते ते सरोवर खारे, या साऱ्या परिसराचे गुपित लोकांनी एका विहिरीच्या नावात सांगून ठेवले आहे. सासू-सून एका घरात राहतात, पण एकमेकींत विरघळून जात नाहीत!

या सरोवराचे आपण काय केले? एके काळी विवराच्या आत शेती होत होती, तिची खते पाण्यात उतरत होती. वरच्या वस्तीचे सांडपाणी उतारावरून आत येत राहिले. विलायती बाभळीने देशी झाडांची जागा बळकावली. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा सारे जग लोणारकडे पाहू लागले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी कोप म्हटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचे सांगितले. पाणी आटून खारेपणा वाढला की त्यांची वाढ जोमाने होते. त्याच वर्षी लोणार हे रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थळ ठरले. नांदूर-मधमेश्वरनंतरचे महाराष्ट्रातले दुसरे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही लोणारचा प्रश्न वर्षानुवर्षे चालला. त्यानंतरच्या वर्षांत उलटेच झाले. पाणी वाढत वाढत देवीच्या मंदिराला जाऊन भिडले.

कोणी म्हणेल, पाणी वाढले तर बरेच झाले की! आपण दुष्काळी मुलखातली माणसे, पाणी वाढल्याचे आपल्याला कधी दुःख होत नाही. पण लोणारचे मोठेपण पाण्यात नाही, त्या पाण्याच्या खारेपणात आहे. गोडे पाणी आणि सांडपाणी मिसळून ते पातळ होत गेले, तर त्या खाऱ्या पाण्यावर जगणारी, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी सूक्ष्म जीवसृष्टी संपेल. मग तळे राहील, पण लोणार राहणार नाही. म्हणून मला वाटते, या देवीची सेवा करायची तर आधी तिचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तिला खारटच राहू द्यावे लागेल. हे भक्ताला कोण सांगणार? विज्ञानच सांगणार. ज्याला पाण्याचा गुण तपासता येतो तो इथे देवीचा शत्रू नाही, तो तिचा वैद्य आहे. म्हणूनच ‘देवी आणि विज्ञान यांना एकत्र आणू नका’ हे म्हणणे मला पटत नाही.

पण ‘आमचा धर्म मुळातच निसर्गरक्षक आहे’ हे म्हणणेही मला तितकेच पटत नाही. श्रद्धा आपोआप रक्षण करीत असती, तर उत्तरेतली गंगा देशातली सर्वांत स्वच्छ नदी असती. कारण तिच्याइतकी श्रद्धा कोणत्या नदीच्या वाट्याला आली? अडचण श्रद्धेच्या अभावात नाही. ती श्रद्धेच्या एका विशिष्ट प्रकारात आहे. गंगा पवित्र आहे, तेव्हा ती मलीन होऊच शकत नाही, असे आपण म्हणतो आणि मोकळ्या मनाने तिच्यात घाण सोडतो. देवी आई आहे, तेव्हा ती पोटात घालील, असे म्हणतो आणि निर्माल्य, प्लास्टिकची पिशवी, नारळाची शेंडी, अगरबत्तीचा पुडा तिच्याच अंगणात टाकून घरी येतो. सर्व काही पोटात घालणारी आई ही लेकरांना फार सोयीची असते.

जुन्या लोकांची देवी अशी नव्हती. मरीआई, आसरा, डोंगरावरची देवी या नुसत्या मायाळू नव्हत्या. त्यांचा धाक होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. पिढ्यान् पिढ्या त्या रायांतून वाळकी काडीसुद्धा न उचलण्याची रीत अनेक ठिकाणी होती, आणि त्या रायांतल्या पुष्कळशा देवता या स्त्रीदेवताच आहेत. रान टिकले ते देवीच्या प्रेमाने नव्हे, तिच्या नियमाने. पुढे काय झाले? धाक गेला, पैसा आला आणि कित्येक ठिकाणी देवीचा जीर्णोद्धार करण्यासाठी देवीचेच रान तोडले गेले. सिमेंटचे मंदिर झाले, फरशी बसली, आणि देवी उन्हात आली! धाक गेला याचे मला दुःख नाही. साथीला देवीचा कोप समजून लेकरांना औषध न देण्याचे दिवस गेले, ते चांगलेच झाले. पण धाकाबरोबर नियमही गेला, आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवले नाही, हे दुःख आहे. माझी माय आसरांना भिऊन विहिरीत थुंकत नव्हती. मी आसरांना भीत नाही. मग मी विहिरीत काय टाकीन आणि काय टाकणार नाही, हे मला सांगणारे कोण उरले? शिकलेल्या पिढीपुढचा खरा प्रश्न हा आहे.

इथे आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. भूमी आणि स्त्री यांना आपण एकाच तोंडाने देवी म्हणतो आणि एकाच मापाने वागवतो. दोघींचा मोठा गुण कोणता, तर सोशिकपणा! रेणुकेची कथा आठवा. रोज ताज्या वाळूचा घडा घडवून ती त्यातून पाणी आणीत असे, अशी ती सामर्थ्यवान. एके दिवशी पाण्यावर गेली असता तिचे मन क्षणभर विचलित झाले, घडा घडला नाही, आणि नवऱ्याच्या आज्ञेवरून मुलाने तिचे मस्तक उडवले. माहूरला आपण तिच्या मुखाचीच पूजा करतो. त्या मुखापुढे हात जोडताना तिच्यावरचा अन्याय किती जणांच्या ध्यानात येतो? आजही पाणी आणण्याचे काम बाईचेच आहे. नवरात्रात जिची ओटी भरतो तिच्या डोक्यावर दहाव्या दिवशी पुन्हा हंडा असतो. सोसणे हा देवीचा गुण ठरवला, की सोसायला लावणे हा आपला हक्क ठरतो. म्हणून माझे म्हणणे असे, की बाईला देवी म्हणण्यापूर्वी माणूस म्हणा आणि नदीला आई म्हणण्यापूर्वी नदी म्हणून नीट पाहा. तिचा उगम कोठे, तिला काय सोसवते आणि काय सोसवत नाही, हे पाहणे हीच खरी पूजेची सुरुवात आहे.

मग देवी नको का? तसे माझे मुळीच मत नाही. कायद्याचे हात लांब असले तरी ते दर पायवाटेवर पोचत नाहीत. विवरात उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक वनरक्षक ठेवता येणार नाही. पण त्यातल्या बहुतेकांच्या मनात कमळजा आहे. ‘अभयारण्यात कचरा टाकण्यास मनाई आहे’ ही पाटी वाचून जो थांबणार नाही, तो ‘हे देवीचे अंगण आहे’ या शब्दाने कदाचित थांबेल. मंदिराच्या उंबरठ्याशी आपण चपला काढतो, तिथे थुंकत नाही, तिथे कोणी कचरा टाकला तर त्याला दटावतो. हे सारे भान आपल्यापाशी आहेच. प्रश्न एवढाच, की देवीचा उंबरठा कोठे आहे? तो दगडी चौकटीपाशी आहे, की वर विवराच्या काठावर, जिथून पहिली पायरी खाली उतरते तिथे आहे? देवी म्हणजे जर प्रकृती, तर तिचे मंदिर हे सबंध विवर आहे. सरोवर हा तिचा गाभारा, झाडी हा सभामंडप आणि काठ हा उंबरठा. आपली श्रद्धा शास्त्राप्रमाणे खरी मानायची असेल, तर हा हिशेब टाळता येणार नाही.

मित्रहो, यात आपल्याला करता येण्याजोगे काही आहे, आणि ते फार अवघड नाही. ओटीचे तांदूळ-खण कापडी पिशवीतून नेता येतात. त्यासाठी प्लास्टिक लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी नवरात्रात काठावर उभे राहून निर्माल्य वरच गोळा केले, तर पोथी-पुराणाच्या विरुद्ध काही होणार नाही. विज्ञान शाखेच्या मित्रांना पाण्याचा खारेपणा वर्षातून काही वेळा मोजून महाविद्यालयाच्या फलकावर लावता येईल. मराठी विभागाने आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायांकडून पाण्याच्या, शेताच्या, देवीच्या समजुती आणि नियम लिहून घ्यावेत. त्यांतला कोणता टाकायचा आणि कोणता ठेवायचा ते आपण विचाराने ठरवू. आणि सांडपाण्याचा प्रश्न येईल तेव्हा भक्तांनी तो देवीचा प्रश्न म्हणून विचारावा. आरतीला जितकी माणसे जमतात त्यांच्या निम्मी जरी ग्रामसभेत आणि नगरपालिकेत गेली, तरी पुष्कळ काम होईल.

आमच्या मायांनी देवीला भिऊन पाणी जपले. आम्हाला ते समजून-उमजून जपायचे आहे. भीती एका पिढीत जाते. समज मात्र शिकवावी लागते आणि ती शिकवण्यासाठीच महाविद्यालये असतात. आपले महाविद्यालय ते काम करील, असा माझा विश्वास आहे.